बंद गेटापुढची सत्तर मिनिटं

आमच्या घरमालकांनी खोली दाखवताना मला तीन प्रश्न विचारले. मांसाहार करता का, लग्न झालंय का, पाहुणे किती येतात, यांतला एकही नव्हता. "कंपनीत कोणती शिफ्ट? बस कोणत्या चौकातून पकडता? आन् हॉकी समजते का?"

मी हिंगण्याच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून नुकतीच लागले होते. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं दिली आणि तिसऱ्याला "नाही" म्हटलं. ते म्हणाले, "चालते. शिकवू." भाड्याचं काय ते काकूंनी सांगितलं, कारण तोवर काका मला माझ्याच चपला मांडून पेनल्टी कॉर्नर समजावायला लागले होते. एक चप्पल गोलकीपर झाली. दुसरी कुठे गेली ते संध्याकाळी गच्चीच्या पन्हाळीत सापडलं.

तीन वर्षं मी त्यांच्या माडीवर राहिले. सगळी आळी त्यांना काकाच म्हणायची, मीही तेच म्हणू लागले. सहा फूट उंची, पंचाहत्तरीच्या आसपासचं वय, आणि हातात कायम हॉकी स्टिक. आयुष्यभर कारखान्यात लेथवर टर्नर म्हणून काम केलेलं, आणि तिथल्याच संघात फुलबॅक, म्हणजे बचाव फळीत. त्या स्टिकनं ते फळीवरचा डबा ओढत, पंख्याचं बटण दाबत, गच्चीवरची माकडं हाकलत. बोलताना ती समोरच्याच्या पोटरीपाशी अशी धरत की माणूस आपोआप एक पाऊल मागे सरके. दूधवाला तर त्यांच्याशी फाटकाबाहेरूनच बोलायचा.

घरात हॉकीवर खरा अधिकार मात्र काकूंचा होता. त्या मुलींच्या संघातून पुढच्या फळीत खेळलेल्या, आणि ते त्या नवऱ्याला कधी विसरू देत नसत. "हे फुलबॅक," त्या मला म्हणायच्या. "यायले एकच काम येत होतं. मधात उभं राहणं."

काकांचं घड्याळ सत्तर मिनिटांचं होतं. त्यांच्या काळात हॉकीचा सामना पस्तीस-पस्तीस मिनिटांचा असे, आणि जगातली सगळी कामं त्याच मापात बसतात अशी त्यांची खात्री होती. दुपारची झोप पस्तीस मिनिटं. बाजार सत्तर मिनिटं, मधे चहा. पोरीच्या लग्नात आहेर चालू असताना हे पस्तिसाव्या मिनिटाला स्टेजवरून उतरले, पाणी प्यायले, पाय झाडले आणि परत जाऊन उभे राहिले, असं काकू अजून सांगतात. पुढे हॉकीचा सामना पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार भागांत खेळू लागले, ते त्यांनी कधीच मान्य केलं नाही. "हॉकी आहे का मटण," ते म्हणत, "तुकडे पाडाले?"

एक गोष्ट मला बरेच दिवस कळली नव्हती. सकाळी माझी कंपनीची बस चौकात वळली, की फाटकाशी उभे असलेले काका घरात निघून जात. बस गेली की बाहेर. मला वाटायचं, धुराचा त्रास असेल. एकदा भर उन्हात त्यांना हिंगण्याला एका जुन्या शेजाऱ्याच्या तेराव्याला जायचं होतं आणि आमच्या बसचा ड्रायव्हर सोडायला तयार होता, तरी हा माणूस पायी निघाला. माणूस विक्षिप्त आहे हे एव्हाना मी धरूनच चालले होते, त्यामुळे जास्त विचार केला नाही.

मग नागपूरला टीम मिळाली.

देशात व्यावसायिक हॉकीची लीग चालू होती, तिच्यात आपल्या गावाचं नाव असावं अशी काकांची जन्मभराची इच्छा. एक दिवस ते झालं. मालक आले, खेळाडू आले, संत्र्याच्या रंगाची जर्सी आली, कारण नागपूर म्हटलं की बाहेरच्यांना दुसरा रंग सुचत नाही. काकांनी तीन तिकिटं काढली, नागपुरात होणाऱ्या सगळ्या सामन्यांची: एक स्वतःचं, एक काकूंचं, एक माझं. मला कोणी विचारलं नव्हतं. मी थोडी कुरकुर केली, पण तोवर मीही टीव्हीवर सामने बघून अंपायरला शिव्या घालण्याइतकी शिकले होते.

पहिल्या सामन्याला आठ दिवस असताना सगळं बंद पडलं. सामन्यात जखमी होणाऱ्या खेळाडूचा करार मालक तिथल्या तिथे मोडू शकत, असं नव्या करारात एक कलम होतं. खेळाडूंचं म्हणणं, बरा होईपर्यंत त्याला टीममध्ये ठेवा, इलाज करा. हे मान्य होईपर्यंत नव्या करारावर सह्या करणार नाही. मालकांनी उत्तर म्हणून सगळ्या शहरांतली मैदानं बंद केली. गावात लोक म्हणायला लागले, खेळाडूंनी संप केला. काका चहाच्या टपरीवर, दवाखान्यात, रेशनच्या रांगेत प्रत्येकाला थांबवून सुधारत होते. "संप नोको म्हणू गा. संपात कामगार बाहेर येते. इथं मालकानं कुलूप लावलं. याले टाळेबंदी म्हणते." टपरीवाला म्हणाला, "काका, मॅच नाही होऊन राह्यली ना, मंग नाव कोणतंही असो." काकांनी त्याचा चहा तीन दिवस बंद केला.

पहिला सामना ज्या दिवशी व्हायचा होता, त्या दिवशी संध्याकाळी काका कपडे करून तयार. काकूही. मला हाक मारली, "चाल ना वं पोरी, टाइम झाला."

"काका, सामना रद्द झालाय."

"मॅच रद्द झाली. आपली शिफ्ट थोडीच रद्द झाली?"

तेव्हा मला काकांच्या कारखान्यातला रिवाज पहिल्यांदा कळला. टाळेबंदीत कामगार घरी बसत नसत. ज्याची जी शिफ्ट, त्या वेळेला तो बंद गेटापुढे येऊन उभा राही, हजेरी देई, शिफ्ट सुटली की घरी जाई. असं का, तर घरी बसलेल्या माणसाला मालक एकेकटं गाठू शकतो. "घरी बसला तो फसला," काका म्हणत. आता तोच नियम त्यांनी हॉकीच्या प्रेक्षकांना लावला. छापलेल्या वेळापत्रकात नागपूरचा सामना ज्या दिवशी, ज्या वेळी, त्या वेळी स्टेडियमच्या गेटापुढे हजर व्हायचं आणि सत्तर मिनिटं बसायचं. साठ नाही. सत्तर.

पहिल्या दिवशी आमच्यासारखेच आणखी चाळीसेक लोक जमले. कुणाला सामना रद्द झाल्याचं कळलं नव्हतं, कुणी सहज आले होते. काकांनी स्टिक उंचावून हजेरी घेतली. ऑटोवाला होता, एका शाळेतले पीटीचे मास्तर होते, संत्र्यांच्या बागेतून थेट फटफटीवर आलेले नरखेडकडचे दोघे भाऊ होते. चौकीदार वैतागला. "काका, मॅच नहीं है ना! घर जाओ ना!" काका म्हणाले, "तुले कोण म्हणलं उघड म्हणून? तू तुही ड्यूटी कर, आमी आमची करून राह्यलो." पुढच्या खेपेला चौकीदारानं काकूंसाठी स्वतःची खुर्ची बाहेर आणून ठेवली.

लोक हळूहळू गळत गेले. चाळीसाचे वीस झाले, विसाचे बारा, मग सात. एका वर्तमानपत्राचा माणूस फोटो काढायला आला. त्यानं विचारलं, "आजोबा, तुमची मागणी काय आहे?"

"मागणी खेळाडूची आहे. आमी वाट पाहून राह्यलो."

"पण तुम्ही इथे बसल्यानं काय होणार?"

"काही नाही होणार," काका म्हणाले. "नाही बसलो तरी काही होणार नाही. मंग बसाले काय हरकत आहे?"

फोटो छापून आला, आणि माझ्या कंपनीत मला लोक 'हॉकीवाली' म्हणू लागले. मला राग यायचा. थंडीत फुटपाथवर बसून माझी पाठ धरायची. पण त्या संध्याकाळी मी कधी चुकवल्या नाहीत, हेही खरं. काकू डब्यात आलूबोंडे आणत. काका मधल्या सुटीत उठून पाय झाडत, आणि मग दुसरे पस्तीस.

असं दोन महिने चाललं. मग मालकांनी नवीन डाव टाकला. करारावर सही नसलेले खेळाडू बाजूला ठेवून बदली खेळाडू आणायचे आणि सामने सुरू करायचे. पहिला सामना नागपुरात. खेळाडूंच्या संघटनेनं प्रेक्षकांना विनंती केली, मेहेरबानी करून जाऊ नका. त्याच दिवशी दुसरी बातमी फिरली: नागपुरात स्टँड रिकामे राहिले तर टीम दुसऱ्या गावाला जाईल.

आम्ही सात जण गेटापुढे बसलो होतो. पीटीचे मास्तर म्हणाले, "काका, आता बस झालं. दोन महिने बसलो ना आपण? गेट उघडून राह्यलं तं जाऊ. टीम गेली तं मंग काय पाहाल?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. खरं सांगायचं तर मीही डोलावली. सत्तर मिनिटं पुरी होण्याआधी काका उठले, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

घरी आल्यावर मी पायरीवर त्यांच्याशेजारी बसले आणि जरा चिडूनच बोलले. "तुम्ही काही खेळाडू नाही काका. तुमची सही कुठल्याही करारावर नाही. नागपूरच्या टीमची जन्मभर वाट पाहिलीत. एक सामना बघितलात तर कुणाचं काय बिघडणार आहे?"

ते बराच वेळ स्टिकच्या मुठीवरची पट्टी उलगडत आणि गुंडाळत बसले. मग म्हणाले, "आमच्या कंपनीत असंच झालं होतं. माह्या बाजूच्या मशिनवर माहा दोस्त होता. त्याची दोन बोटं प्रेसमंधी गेली. कंपनी म्हणे, आता हा कामाचा नाही. आमी म्हटलं, त्याले दुसरं काम द्या, पण काढू नोका. त्याच्यावरून टाळं लागलं. आमी रोज गेटवर. हजेरी मीच घेत होतो."

"मग?"

"मंग मालकानं बस पाठवली. पडदे लावलेली. वस्तीत सकाळी सकाळी ये, एकेकाले उचले आन् गेटातून आत नेऊन सोडे. एक दिवस मी बी बसलो तिच्यात."

आतून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

"गेटापाशी आलो तं सगळ्यायनं डोकी खाली घातली, मी बी घातलं. कोणाले दिसलो नसतो. पण बसमंधी बसलं का डब्याची पिशवी खिडकीच्या हूकले अडकवाची, अशी आमची सवय. हात आपोआपच गेला. पिशवी पडदा आन् काचेच्या मधात लटकून राह्यली. तुह्या काकूनं जुन्या चादरीची शिवली होती, मोठ्या मोठ्या फुलायची. अख्ख्या कंपनीत तशी एकच. मी मान खाली घालून बसलो, आन् माही पिशवी बाहेर पाहत होती. दोस्त गेटावरच होता."

टाळेबंदी आठवड्यात मोडली. दोस्ताची नोकरी गेली, तो सावनेरकडे आपल्या गावी निघून गेला. त्यानंतर एकदाच तो काकांना एसटी स्टँडवर भेटला. एवढंच म्हणाला, "वैनीनं पिशवी मजबूत शिवली होती गा," आणि आपल्या गाडीत चढला.

"पण तुम्ही का गेलात आत?" मी विचारलं. "काही कारण असेल."

"कारण होतं. नाही सांगत. बाहेर उभे होते त्यायच्या घरी का दिवाळी होती?"

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. पदरानं हात पुसत म्हणाल्या, "मीच म्हटलं होतं जा म्हणून. ते बी सांगा ना तिले." आणि आत निघून गेल्या.

सामन्याच्या दिवशी काका-काकू नेहमीच्या वेळी नेहमीच्या जागी जाऊन बसले. गेट सताड उघडं होतं, वाजंत्री चालू होती. चौकीदार म्हणाला, "काका, आज तो अंदर चलो!" काकांनी हात हलवला. पलीकडच्या फुटपाथवर आपल्या टीमचे पाच-सहा खेळाडू फलक घेऊन उभे होते, एक गुडघ्याला पट्टा बांधून खुर्चीत. पीटीचे मास्तर, ऑटोवाला, दोघे भाऊ, सगळे एकेक करून आत गेले. जाताना काकांकडे बघत नव्हते.

आणि मी? खोटं कशाला बोलू, मीही गेले. माझ्या हातात तिकीट होतं, दोन महिने थंडी खाल्ली होती, आणि ती पिशवीची गोष्ट माझी नव्हती. काका तिथेच बसलेले दिसत होते म्हणून मी वळसा घालून दुसऱ्या बाजूनं शिरले. ते वळसा घालणं मला अजून बोचतं.

आत टर्फवर पाणी मारलेलं होतं, दिवे लागले होते. बदली पोरं वाईट खेळत नव्हती. वाईट खेळली असती तर बरं झालं असतं. दहाव्या मिनिटाला आपल्या टीमनं गोल केला, स्टँड उठलं, मीही उठले आणि ओरडले. वरच्या पायरीवरून गेटाबाहेरचा फुटपाथ दिसत होता. गोलचा आवाज बाहेर ऐकू गेला असणारच. काकूंनी मान वळवली. काकांनी नाही वळवली. ते समोर पट्टा बांधलेल्या पोराकडे बघत ताठ बसून होते. मी खाली बसले, पण नंतरचा खेळ मला दिसला नाही. मध्यंतराला उठले. चौकीदार म्हणाला, "मॅडम, एक बार बाहर गए तो वापस अंदर नहीं." मी म्हटलं, माहीत आहे.

मी काकांसमोर जाऊन उभी राहिले. ते काही बोलतील असं मला वाटलं. त्यांनी स्टिक उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली आणि माझ्यासाठी जागा केली.

"पाणी बरोबर मारलं होतं का टर्फवर?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बेस झालं. पाणी नाही मारलं तं पोरायचे गुडघे जाते."

काकूंनी डबा उघडून माझ्यापुढे केला. सामना साठ मिनिटांत संपला, लोक बाहेर पडून गेले, आणि आम्ही आणखी दहा मिनिटं बसून राहिलो.

तीन आठवड्यांनी तडजोड झाली. खेळाडूंचं कलम मान्य झालं. पण उरलेला हंगाम आटोपता घेतला आणि सामने दोनच मोठ्या शहरांत झाले. पुढच्या वर्षी आपली टीम दुसऱ्या गावाची झाली, तिचा रंगही बदलला. पीटीचे मास्तर चौकात सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमच्यासारख्यायनंच टीम घालवली." स्टँड भरलं नव्हतं हे खरं, आणि ते आम्हा तिघांनी रिकामं ठेवलं नव्हतं हेही खरं. मी भांडायला निघाले होते. काकांनी स्टिक माझ्या पोटरीपाशी आडवी धरली. नागपूरच्या टीमचा एकही सामना त्यांनी पाहिला नाही.

माझी बदली झाली तेव्हा सामान टेम्पोत चढल्यावर मी त्यांच्या पाया पडले, आणि जे वर्षभर विचारायचं टाळलं होतं ते विचारलं. "काका, पस्तावा होतो का?"

"मॅच हुकली त्याचं वाईट वाटते ना वं पोरी. काहून नाही वाटणार? लई वाईट वाटते." ते फाटकाला टेकून उभे होते. "पण तेच गेट, तसंच उघडं, पुन्हा माह्यापुढं आलं. आन् या खेपेले मी बाहेर होतो. मॅच काय, कोणालेबी पाहाले भेटते. हे किती लोकायले दुसऱ्यांदा भेटते, सांग बरं?"